न्यायाधीश कोणाचा प्रतिनिधी?

मध्यावधी निवडणूक म्हटले की आपल्याकडे सरकार कोसळले, सभागृह बरखास्त झाले, असाच अर्थ घेतला जातो. अमेरिकेत त्यासाठी काही कोसळावे लागत नाही. अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मधोमध, नोव्हेंबरातल्या ठरल्या दिवशी ती होतेच. आणि टेक्साससारख्या राज्यात त्या दिवशी मतदारापुढे येणारी मतपत्रिका भलतीच लांब असते. तीवर गव्हर्नर असतो, अ‍ॅटर्नी जनरल असतो, कृषी आयुक्त असतो, विधिमंडळाचे उमेदवार असतात आणि त्यांच्याच खाली, नावापुढे तसाच पक्ष लावून, न्यायाधीशही असतात. कायदा करणारा, तो राबवणारा आणि त्याचा अर्थ लावणारा असे तिघेही एकाच दिवशी लोकांपुढे हात जोडतात, ही लोकशाहीची पूर्णता होय, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. पहिल्या दोघांविषयी वाद नाही. तिसऱ्याला त्या रांगेत उभे करणे चूक आहे, एवढेच येथे मांडायचे आहे.

समर्थकांची बाजू हलकी नाही. सगळे न्यायाधीश मतदानाने निवडण्याचा पायंडा मिसिसिपीने 1832 मध्ये पाडला, न्यूयॉर्कने 1846 च्या राज्यघटनेत तो स्वीकारला आणि मग अनेक राज्ये त्या वाटेने गेली. त्याआधी न्यायासन हे बहुधा गव्हर्नराच्या किंवा विधिमंडळाच्या मर्जीचे इनाम असे. सुधारकांना न्यायाधीशाला सत्ताधाऱ्यांच्या ओंजळीने पाणी पिण्यापासून सोडवायचे होते. शिवाय, संदिग्ध कलमाचा अर्थ लावताना न्यायाधीश धोरणही ठरवतो. मग ज्याच्या निकालाने आपले आयुष्य बदलते त्याला लोकांनी जाब का विचारू नये? रोगाचे हे निदान मान्य करायला हवे. औषध मात्र तपासून पाहावे लागेल.

जाब विचारायचा तर मतदाराने न्यायाधीशाचे काम पाहिलेले असले पाहिजे. 2018 च्या मध्यावधी निवडणुकीत ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत डेमोक्रॅटिक वारे वाहिले आणि रिपब्लिकन न्यायाधीश पालापाचोळ्यासारखे उडाले. त्यांत अभ्यासू कोण, कोणाकडे खटले तुंबले होते, हे त्या वाऱ्याने विचारले नाही. एकाच खुणेत साऱ्या पक्षाला मत देण्याची सोय तेव्हा टेक्सासात होती. ती 2020 पासून गेली, पण नावापुढचा पक्ष राहिलाच. टॉम फिलिप्स, वॉलेस जेफरसन आणि नेथन हेक्ट हे टेक्सासचे तीन रिपब्लिकन सरन्यायाधीश याच पद्धतीने निवडून आलेले, आणि तीच बदला असे सांगणारेही तेच. पराभूतांची कुरकुर म्हणून हे बाजूला सारता येत नाही.

यापुढचा पुरावा नॉर्थ कॅरोलायनाचा. पक्षाच्या सोयीने मतदारसंघांच्या सीमा आखणे राज्यघटनेला धरून नाही, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये 4 विरुद्ध 3 मतांनी दिला. नोव्हेंबरच्या मध्यावधी निवडणुकीत दोन जागा फिरल्या. डेमोक्रॅटिक बहुमताच्या जागी 5 विरुद्ध 2 असे रिपब्लिकन बहुमत आले. नव्या न्यायालयाने तेच प्रकरण पुन्हा ऐकले आणि एप्रिल 2023 मध्ये निकाल उलटवला. पहिला निकाल बरोबर की दुसरा, हा येथे प्रश्न नाही. राज्यघटनेतला शब्द तोच, वाद तोच; बदलली ती फक्त माणसे. अशा वेळी हरलेल्या पक्षकाराने कायद्याचा अभ्यास करावा की पुढच्या प्रचाराची वर्गणी गोळा करावी? वेस्ट व्हर्जिनियात त्याचे उत्तर आधीच मिळाले होते. 5 कोटी डॉलर भरपाईचा निकाल विरोधात गेलेल्या मॅसी या कोळसा कंपनीच्या प्रमुखाने 2004 मध्ये एका उमेदवाराच्या विजयासाठी सुमारे 30 लाख डॉलर ओतले. तो उमेदवार न्यायाधीश झाला, प्रकरणातून बाजूला झाला नाही आणि कंपनी 3 विरुद्ध 2 मतांनी सुटली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हे गैर ठरवले, तेही 5 विरुद्ध 4 अशा काठावरच्या बहुमताने.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: निवडणुकीने बंद दारे उघडतात. त्याच हॅरिस काउंटीत 2018 मध्ये 17 कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायाधीशपदी विजयी झाल्या. हे खरे आहे आणि मोलाचेही. पण लाटेने आलेले लाटेनेच जातात. न्यायासनावरचा त्यांचा हक्क वाऱ्याच्या दिशेवर का टांगावा? दुसरा आक्षेप असा की, निवडणूक नको तर मग पुन्हा मर्जीच आली. हा पेच आपल्याही परिचयाचा आहे. नेमणूक केवळ कार्यकारी सत्तेच्या हाती देण्यात धोका आणि सरन्यायाधीशाला नकाराधिकार देण्यातही धोका, हे डॉ. आंबेडकरांनी मे 1949 मध्ये संविधानसभेत सांगून मधली वाट धरली होती. कॉलेजियमवरून चाललेला वाद पाहता, मतपेटी टाळली की सारे सुरळीत होते असे आपण तरी म्हणू शकत नाही.

म्हणून नेमणुकीइतकाच मुदतीचाही विचार हवा. मिझुरीने 1940 मध्ये आयोगाने नावे सुचवायची, गव्हर्नराने नेमायचे आणि पुढे लोकांनी ‘ठेवा’ की ‘काढा’ एवढेच सांगायचे, अशी रीत आणली. ती बरी, पण अपुरी. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या एकमताच्या निकालानंतर 2010 मध्ये आयोवाच्या मतदारांनी तीन न्यायाधीशांना अशाच मतदानात घरी पाठवले. पुन्हा मते मागायची टांगती तलवार राहिली की लेखणी अडखळते. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयात बारा वर्षांची एकच मुदत असते, फेरनिवड नाही. आणि न्यायाधीश निवडायला संसदेत दोन तृतीयांश मते लागतात, म्हणजे एका पक्षाची मर्जी सहसा पुरत नाही. निवडणाऱ्यांवर लोकांचा वचक राहतो, निवडलेल्याला मात्र पुढची आशा नसते आणि म्हणून भीतीही नसते.

गव्हर्नर बहुमताचा असतो, आमदार मतदारसंघाचा. न्यायाधीशापुढे मात्र कधी ना कधी असा माणूस उभा राहतो, ज्याच्या बाजूने सगळ्या राज्यात एकही मत नसते. त्या दिवशी न्यायाधीशाला स्वतःची मते मोजावी लागू नयेत.