ठेव म्हणावी कीं ऋण?

‘ठेव’ हा शब्द मोठा फसवा आहे. बँकेंत पैसे ठेवले म्हणजे ते तेथें जसेच्या तसे पडून आहेत, अशी मनाची समजूत या शब्दानेंच करून दिलेली असते. आमच्या धर्मशास्त्रकारांस येथील भेद स्पष्ट दिसत होता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत ऋणादानाचें प्रकरण निराळें आणि उपनिधीचें निराळें. पेटींत घालून, मुद्रा करून, आंत काय आहे हें न सांगतां दुसऱ्याच्या हातीं सोंपविलेलें द्रव्य, तो उपनिधि. सांभाळणाऱ्यानें तो स्वेच्छेनें वापरला तर त्यास दंड, शिवाय वृद्धीसह परत करण्याची आज्ञा. राजा, दैव किंवा चोर यांमुळें तो गेला, तर मात्र त्याच्यावर भार नाहीं.

या अर्थानें बँकेंतील ठेव ही ठेव नव्हेच; तें आपण बँकेस दिलेलें कर्ज होय. (बँकेच्या तिजोरींतील आपला कप्पा उपनिधीच्या पुष्कळ जवळ जातो, पण तो विषय पुन्हा केव्हां तरी.) आपला पैसा बँक कारखानदारास देते, घर बांधणाऱ्यास देते; तें तिचें कामच आहे, व आपलें व्याज त्यांतूनच येतें. म्हणजे घरांतील कर्ता पुरुष बँकेच्या पायऱ्या चढतो तो धनको म्हणून. शेजाऱ्यास दहा हजार उसने देतांना हाच गृहस्थ चार दिवस विचार करतो. आणि निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली सारी पुंजी ‘संचालक आपल्या ओळखीचे आहेत’ एवढ्या आधारावर, अर्धा टक्का अधिक व्याजासाठीं, एका दुपारीं देऊन मोकळा होतो!

ऋणको बुडाला तर काय, हा प्रश्न आपल्या देशास १९६० सालीं तीव्रतेनें पडला. त्या वर्षीं अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळांतील पलई सेंट्रल बँक बुडाल्या. त्या धक्क्यांतून ठेवींच्या विम्याची योजना १ जानेवारी १९६२ पासून अमलांत आली. प्रारंभीं संरक्षण होतें १,५०० रुपयांचें. तें वाढत वाढत १९९३ सालीं एक लाख झालें, आणि पुढें जवळजवळ सत्तावीस वर्षें तेथेंच थांबलें. सप्टेंबर २०१९ मध्यें पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले व आरंभीं खात्यामागें अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा राहिली, तेव्हां कोठें या आंकड्याकडे सर्वांचें लक्ष गेलें. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पांच लाख आहे. पूर्वीं विम्याचा पैसाही बँकेचा परवाना रद्द होईपर्यंत अडकून राही. पुण्याची रुपी बँक २०१३ सालीं निर्बंधांखालीं आली व तिचा परवाना रद्द होण्यास २०२२ उजाडलें, यावरून त्या वाट पाहण्याची कल्पना यावी. २०२१ च्या दुरुस्तीनें निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत हा पैसा देण्याचें बंधन घातलें, हें फार चांगलें झालें.

आतां घरगुती हिशेब. हे पांच लाख खात्यामागें नव्हेत. एका बँकेंत एका ठेवीदारामागें, सर्व शाखा मिळून, मुद्दल व व्याज धरून आहेत. पावणेपांच लाखांची मुदतठेव व्याजासह मर्यादा ओलांडते, आणि वरचा भाग उघडा पडतो. संयुक्त खात्याची गणना मात्र वेगळी होते. इतकेंच नव्हे, तर नांवांचा क्रम बदलला तरी तें स्वतंत्र धरलें जातें. एकत्र कुटुंबास ही सोय केवढी मोठी आहे!

पतसंस्थांस हा विमा मुळींच लागू नाहीं. पाटी बँकेसारखी, काउंटर बँकेसारखा, पासबुकही तसेंच; पण संरक्षण नाहीं. आमच्या एका मावशींनीं मुलाच्या वर्गमित्राच्या शब्दावर अशा एका संस्थेंत पैसे ठेवले होते. तिचें दार बंद झाल्यावर, सरकार पांच लाख देतें असें कोणी सांगितलें म्हणून त्या कागदपत्रें घेऊन महिनाभर हिंडल्या. त्यांस खरें काय तें सांगण्याचें काम शेवटीं आमच्याकडे आलें.

सहकारी बँकेचा सभासद तर धनकोच्या जोडीला मालकही असतो, आणि भाग कितीही असोत, मत एकच. पण वार्षिक सभेस आमची मंडळी जातात तीं भेटवस्तू व अल्पोपाहार यांसाठीं; अहवाल त्याच आठवड्यांत रद्दींत. अहवाल वाचल्यानें सर्व कळतें असें आम्ही म्हणत नाहीं. वर सांगितलेल्या मुंबईच्या बँकेचें बहुतेक कर्ज एकाच बांधकाम-समूहाकडे गेलें होतें, व तें हिशेबांत दडविलेलें होतें. तरीही थकलेलीं कर्जें गतवर्षीपेक्षां कां वाढलीं, हें सभेंत उभें राहून विचारणारे दहा सभासद असले, तर संचालकांस उत्तराची तयारी करून यावें लागतें. अमक्यास वाईट वाटेल म्हणून गप्प बसणें ही आमच्या समाजाची जुनी खोड आहे, आणि तिचें व्याज आम्ही फार भरलें.

घरांतही तेंच. नांवांचा क्रम बदलून ठेवी विभागाव्या, हें आम्ही दोन-तीन घरीं सुचवून पाहिलें. गणित सर्वांस पटलें. सुनेचें नांव पहिलें लिहावयाचें, येथें मात्र दोन घरीं बोलणें थांबलें. एका ठिकाणीं तर चहा थंड होईपर्यंत कोणी कांहीं बोललेंच नाहीं.