घर बांधणाऱ्यांचा वेळही मोजा

प्रति,
उज्जैनमध्ये नकाशे मंजूर करणारे, जमिनीच्या नोंदी ठेवणारे, पाणी आणि वीज जोडून देणारे, रस्त्यांची कामं काढणारे आणि गृहकर्ज देणारे सर्व जबाबदार अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,



देवास रोडच्या बाजूला, जिथे शहर संपून गव्हाची शेतं लागतात, तिथे आम्ही नवरा-बायको घर बांधत आहोत. मी शाळेत शिकवते. नवरा देवासच्या एका कारखान्यात पाळीने कामाला जातो. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली तेव्हा पुष्कळ मराठी कुटुंबं क्षिप्रेकाठीच राहिली. आमचं घराणं त्यांतलंच. इतक्या पिढ्या इथे काढूनही आज आम्ही फ्रीगंजात भाड्याने राहतो, कारण जुन्या घराच्या वाटण्या होत होत आमच्या वाट्याला एक खोलीही उरली नाही. म्हणून हे बांधकाम.

हे पत्र एखाद्या कार्यालयाविरुद्धची किंवा माणसाविरुद्धची तक्रार नाही. या शहरात आमच्यासारखी शेकडो जोडपी घर बांधत आहेत आणि त्या सगळ्यांचं एक मागणं आम्हाला तुमच्यासमोर ठेवायचं आहे. सिमेंटच्या गोणीला भाव आहे, सळीला भाव आहे, रेतीच्या डंपरला भाव आहे. घर बांधणाऱ्याच्या वेळेला मात्र तुमच्या कुठल्याही हिशोबात रकाना नाही. तो रकाना उघडा.

आमच्या आजोबांच्या पिढीत घर बांधायला निघालं की घरातलं एक माणूस त्यासाठी मोकळं असे. निवृत्त काका किंवा थोरले दीर साइटवर खाट टाकून बसत, मिस्त्रीवर लक्ष ठेवत, कचेरीत जाऊन कागद करून आणत. आपल्या सगळ्या पद्धती अजूनही त्या खाटेवरच्या माणसाला धरूनच चालतात. तपासणी होते कामाच्या दिवशी, भर दुपारी. सही मिळते ती साहेब जागेवर असतील तेव्हा. वीजजोडणीला माणूस "आज येईल" एवढंच कळतं. बँक कर्ज देताना आम्हा दोघांचे पगार जोडते, दोघांना सहकर्जदार करते, दोघांच्या सह्या घेते. आणि त्याच कर्जाचा पुढचा हप्ता सुटावा म्हणून दोघांपैकी एकाने पगार बुडवून साइटवर उभं राहावं लागतं. दोघांची कमाई हिशोबात धरता, तर दोघंही कामावर असतात हेही धरायला हवं.

आमचा दिवस कसा जातो ते सांगते. पहाटे साइटवर जाऊन पाणी मारायचं, तिथून घरी येऊन मुलीचा डबा, सासूबाईंची औषधं, मग शाळा. मधल्या सुट्टीत ठेकेदाराचा फोन: गिट्टी संपली, बीमची सळी बदलू का, खिडकी कुठे सोडू. नवऱ्याची रात्रपाळी असेल तर तो सकाळी न झोपता थेट साइटवर जातो. संध्याकाळी पुन्हा पाणी, मग वह्या तपासणं. हे कष्ट आम्ही आनंदाने करतो. घर आमचं आहे. पण या साखळीत तुमच्या बाजूने एक तारीख चुकली की आमच्या सगळ्या तारखा कोसळतात आणि त्याचं मोल कुठेच नोंदलं जात नाही.

माळव्याची काळी माती गव्हा-हरभऱ्याला उदार असली तरी भिंतींना कठोर आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ घेतला तर जमिनीतल्या भेगा पुढे भिंतींत उमटतात. याच मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने १९५० च्या दशकात अंडर-रीम्ड पाइलचं, म्हणजे बुडाशी रुंद केलेल्या खांबांचं तंत्र विकसित केलं. पण लहान घर बांधणाऱ्याला पहिला प्रश्न असतो तो मुरूम किती फुटांवर लागेल हा, आणि त्याचं उत्तर जेसीबीने खोदायला घेतल्यावरच मिळतं. तेव्हा खर्चाचा आकडा बदलतो, आराखडा बदलतो आणि निर्णय उभ्या-उभ्या घ्यावा लागतो. गेली काही वर्षं सांडपाण्याच्या वाहिन्यांसाठी हे शहर गल्लोगल्ली खोदलं गेलं आहे. प्रत्येक चराने तिथली माती आणि तिची खोली दाखवली आहे. ती माहिती वस्तीनिहाय प्रसिद्ध करा. आजवर लोकांनी धूळ आणि खड्डे सोसले, त्या बदल्यात निदान पाया तरी शहाणपणाने घेता येईल.

मग पाण्याचा प्रश्न. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटचं १० दिवस सतत ओलं ठेवावं लागतं. कोरड्या, कडक उन्हात हेच दिवस १० आणि १४ होतात. माळव्यातल्या एप्रिल-मे महिन्यात तराई, म्हणजे हे पाणी मारणं, एक वेळही चुकवून चालत नाही. उज्जैनची तहान मुख्यतः गंभीर नदीवरचं धरण भागवतं. त्याची क्षमता २२५० दशलक्ष घनफूट. पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात नळाला पाणी एक दिवसाआड येतं. अशा वेळी पिण्याचं पाणी स्लॅबवर ओतताना आमचाच हात अडखळतो. शहराचं सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा उभी राहिली आहे. त्या पाण्याची मानकांप्रमाणे चाचणी करून ते टँकरने, ठरलेल्या वेळी, रास्त दरात बांधकामांना द्या. पिण्याचं पाणी वाचेल, आणि कूपनलिकेच्या टँकरची वाट पाहत साइटवर उभं राहणंही वाचेल.

मी हे मागते ते या राज्याच्याच परंपरेच्या आधारावर. लोकसेवांच्या हमीचा कायदा देशात सर्वांत आधी केला तो मध्य प्रदेशाने, २०१० मध्ये. महाराष्ट्रात तसा कायदा यायला २०१५ उजाडलं. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर विलंबाच्या दर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० रुपये दंड, आणि ती रक्कम भरपाई म्हणून अर्जदाराला देण्याची सोय त्या कायद्यात आहे. नागरिकाच्या दिवसाला किंमत असते, हे या राज्याने देशाला शिकवलं. मात्र कायदा प्रत्येक सेवेचे दिवस वेगळे मोजतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाताना मध्ये जे दिवस जातात ते कोणाच्याच खात्यात पडत नाहीत. नामांतरण, डायव्हर्शन म्हणजे जमीन बिनशेती करणं, नकाशा, तात्पुरती वीज, नळजोडणी, पूर्णत्वाचा दाखला, आणि प्रत्येक ठिकाणी तेच कागद नव्याने. आमची मागणी अशी: एका घराला एक क्रमांक द्या. कागद एकदाच घ्या. पहिल्या अर्जापासून शेवटच्या दाखल्यापर्यंतचे सगळे दिवस त्या एका क्रमांकावर मोजा आणि ते अर्जदाराला दिसू द्या.

आमच्याकडून उशीर झाला तर मोजणारे नियम आहेतच. जुन्या करपद्धतीत स्वतः राहायच्या घराच्या कर्जावर व्याजाची २ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, पण त्यासाठी कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पुरं व्हावं लागतं. ते झालं नाही तर वजावट ३० हजारांवर येते. तोवर भाडंही चालू आणि कर्जाचं व्याजही चालू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. पण काम रखडलं की वाचलेले ते पैसे भाड्यात जातात. वेळ वाचवणं हीसुद्धा सवलतच आहे.

ठरलेल्या तारखेला काम पुरं करणं या शहराला चांगलं जमतं. गुरू सिंह राशीत आणि सूर्य मेषेत आला की क्षिप्रेवर सिंहस्थ भरतो. ती तारीख पंचांगाची. ती कुणाला पुढे ढकलता येत नाही. २०१६ मध्ये २२ एप्रिल ते २१ मे या महिनाभरासाठी शहरातलं प्रत्येक खातं एका वेळापत्रकावर चाललं. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी घाट, पूल, वाहिन्या आणि इंदूर-उज्जैन सहापदरी रस्ता अशी कामं हाती घेतली आहेत. ही कामं हवीतच, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच कामांमुळे आज रस्ता उकरलेला असतो आणि रेतीची गाडी प्लॉटपर्यंत पोहोचत नाही. मिस्त्री मोठ्या कामांवर निघून गेलेले असतात. पावसाळ्यात नर्मदेतलं रेतीचं उत्खनन बंद असतं, म्हणून त्याआधी माल आणून ठेवावा तर नेमका तेव्हाच रस्ता बंद. कुठला रस्ता कधी खोदणार, कधी बुजवणार, बांधकामाच्या गाड्यांना कुठल्या वेळी सोडणार, याचं महिन्याचं वेळापत्रक वॉर्डावॉर्डांत लावा आणि त्यात बदल झाला तर मोबाइलवर कळवा. जुने ज्योतिर्विद ज्या शहरावरून आपली मध्यरेषा मोजत आणि जिथल्या जयसिंगांच्या वेधशाळेची माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये डागडुजी करून घेतली, त्या शहराकडे ही अपेक्षा करणं काही जास्तीचं नाही.

जमीन घेतानाचा धोका याहून मोठा. रेरा कायद्याने ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या किंवा ८ पेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पांना नोंदणी सक्तीची केली. तरी शेताचे तुकडे पाडून विकलेल्या अवैध वसाहती शहराभोवती आहेतच. तिथे प्लॉट घेतलेल्या कुटुंबाला रजिस्ट्री झाल्यावर कळतं की नकाशा मंजूर होणार नाही. आयुष्याची पुंजी मातीत अडकते, आणि पुढची कितीतरी वर्षं नियमितीकरणाच्या घोषणांकडे डोळे लावून जातात. राज्यात २०२४ पासून रजिस्ट्रीसाठी संपदा २.० ही प्रणाली आहे. वसाहत मंजूर आहे की नाही, हे त्याच पडद्यावर सही होण्याआधी खरेदीदाराला ठळक दिसू द्या. शासनाकडे असलेली माहिती शोधत फिरायचं ओझं नोकरी करणाऱ्या माणसावर टाकू नका.

आता ज्यांच्या हातांनी आमचं घर उभं राहतं आहे, त्यांच्याविषयी. आमच्या साइटवरही एक नवरा-बायको आहेत, झाबुआकडची. तो विटा लावतो, ती माल कालवते, पोर वाळूच्या ढिगावर खेळतं. त्यांनाही गावाकडे पक्कं घर बांधायचं आहे. होळीच्या आधी भगोरियाच्या जत्रेला ती दोघं गावी जातात तेव्हा काम थांबतं, आणि ते थांबायलाच हवं. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी लावण्यात आला. पण त्याचा लाभ घेण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून नोंदणीच्या खिडकीशी उभं राहणं या दोघांना आमच्याहून कितीतरी महाग पडतं. आमचा पगार महिन्याने येतो, त्यांची चूल रोजावर पेटते. म्हणून प्रत्येक नव्या वसाहतीत महिन्यातला एक दिवस ठरवून नोंदणीचं पथक साइटवरच पाठवा. त्यांच्या वेळेला किंमत दिली नाही, तर आमच्या वेळेबद्दल बोलायचा आम्हालाही अधिकार नाही.

आमच्या बाजूनेही काही शब्द देतो. राज्यात १४० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्लॉटवर छतावरचं पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं आहे, आणि ते करणाऱ्याला त्या वर्षीच्या मालमत्ता करात ६ टक्के सवलत आहे. आम्ही ती व्यवस्था कागदावर दाखवण्यापुरती करणार नाही, चालती ठेवू. रेती-गिट्टी रस्त्यावर पसरू देणार नाही. मंजूर नकाशाबाहेर एक वीटही लावणार नाही. मजुरांचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला देऊ. नियम पाळणाऱ्याला नियम पाळणं परवडेल, एवढी तजवीज तुम्ही करा. कारण हेलपाट्यांना कंटाळलेला माणूस शेवटी दलाल गाठतो किंवा परवानगीविनाच भिंत उचलतो, आणि त्यात शहराचंच नुकसान होतं.

या सगळ्याची सुरुवात एका परिपत्रकाने होण्यासारखी आहे. साइटवरच्या प्रत्येक तपासणीची आणि जोडणीची वेळ अर्जदाराला निवडू द्या. त्यात पहाटेची, संध्याकाळची आणि रविवारची वेळ असू द्या. जे कर्मचारी त्या वेळी येतील त्यांना बदली सुट्टी द्या, कारण त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असतं. हा निर्णय सिंहस्थाच्या आधी झाला तर २०२८ मध्ये या शहराला पाहुण्यांबरोबर स्वतःच्या लोकांनाही सांगता येईल, की इथे तुमच्या वेळेची कदर होते.

आपल्या उत्तराच्या, आणि त्याहून अधिक त्या परिपत्रकाच्या अपेक्षेत,

आपली,
घर बांधणाऱ्या जोडप्यातली एक शिक्षिका
उज्जैन