केसांचा दाखला

गेल्या पंधरवड्यात आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील, आठवड्यातून दोनदा माझ्याकडे गिटार शिकावयास येणारा नववीतला मुलगा वाद्य न घेताच आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "आजोबा, तुम्ही केस का वाढवले होते, ते मला लिहून द्याल का?" चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला वाजवावयाचे आहे. परंतु त्याचे केस सदऱ्याच्या कॉलरीखाली उतरल्यामुळे एक तर ते कापून यावे, नाही तर ते का वाढविले याचे कारण पालकांच्या सहीनिशी लेखी सादर करावे, असा हुकूम वर्गशिक्षकांकडून सुटला आहे. आणि कारण म्हणून काय लिहावे हे त्याला, त्याच्या आईला व वडिलांना, तिघांनाही सुचत नाही.

त्या शाळेवर मी रागावलो नाही, हे आधी सांगून टाकतो. माझ्या तरुणपणी या बाबतीत कारण विचारण्याची रीतच नव्हती. आरोप, जबानी आणि निकाल ही तिन्ही कामे एका दृष्टिक्षेपात उरकली जात. त्या मानाने लेखी खुलासा मागणे ही प्रगतीच म्हणावयाची.

1972 साली मी मॅट्रिक झालो तेव्हा आमचे बिऱ्हाड अंधेरी पूर्वेला, सहार रोडच्या बाजूच्या एका चाळीत होते आणि आमचे अण्णा फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. महिन्यातून एका रविवारी सकाळी ते मला गल्लीच्या तोंडाशी असलेल्या केशकर्तनालयात घेऊन जात. लहानपणी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून मला बसवीत, मानेभोवती पांढरे फडके आवळले जाई, हातमशीनचा थंडगार स्पर्श मानेवरून वर चढू लागे, आणि मागच्या बाकावर वर्तमानपत्रात डोके घातलेले अण्णा म्हणत, "बारीक करा." माझ्या डोक्यासंबंधी या दोन शब्दांपलीकडे कसलाही विचारविनिमय कधी झाल्याचे स्मरत नाही. त्या जूनमधल्या रविवारी, फळीची गरज सरून सात-आठ वर्षे झाली असता, कारागिराने केसांत कंगवा घातला आणि अण्णांनी तोंड उघडण्याच्या आत मी म्हणालो, "आज नको." कारागिराची कात्री सवयीने हवेतच दोनदा कचकच वाजली, तो आरशातून अण्णांकडे पाहत राहिला. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती बाकावर ठेवली आणि ते एक अक्षर न बोलता बाहेर पडले. कारागिराने फडके सोडून नेहमीप्रमाणे झटकले; त्यातून एकही केस पडला नाही.

केस मानेवर रुळू लागले तसतशी चाळीची जीभही लांब झाली. न्हाव्यांचा संप आहे काय, मागून पाहिले तर लेक वाटते, गांजा कुठे मिळतो, असे प्रश्न जिन्यात, नळावर, रेशनच्या रांगेत येत. देव आनंदचा 'हरे रामा हरे कृष्णा' नुकताच येऊन गेला होता आणि त्यामुळे कानाखाली केस उतरलेला प्रत्येक मुलगा हिप्पी, व प्रत्येक हिप्पी गंजेटी, असे समीकरण सर्वमान्य झाले होते. गिटारीनेच हे खूळ डोक्यात भरविले, हेही सर्वांना ठाऊक होते. मौज अशी, की मला ज्यांनी गिटार शिकविली ते चकाल्याच्या गावठाणातले ईस्ट इंडियन अंकल केसाला ब्रिलक्रीम चोपडून काटेकोर भांग पाडीत, आणि लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजविणारा त्यांचा भाऊ घामाच्या धारा लागल्या तरी गळ्यातला टाय सैल करीत नसे. सेबॅस्टियन डिसूझांसारखे ज्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटसंगीताला वाद्यवृंदाचा डौल दिला, त्या पिढीचा हाच शिरस्ता होता. पाश्चात्य वाद्याबरोबर लांब केस आपोआप येतात हा चाळीचा सिद्धान्त त्या दोघा भावांना पाहूनही कोणी तपासला नाही.

मग मी केस का वाढविले? आज मागे वळून पाहताना त्या हट्टाला क्रांतीची, बंडाची, पिढीच्या हुंकाराची उपाधी लावणे सोपे आहे आणि माझ्या समवयस्कांपैकी काहींनी ती लावलीही आहे. मला ते जमत नाही. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्या रांगेत उभा राहून मी तालाची गिटार वाजवीत असे, आणि दिव्यांच्या प्रकाशात मान हलली की केस हलतात हे मला आवडे. कारण एवढेच. त्यात थोडी ऐट होती, हेही कबूल करतो.

या आवडीची किंमत मात्र रोख मोजावी लागली. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माझी निवड होऊन मी रुजू व्हावयास गेलो, तेव्हा फाटकावरच्या जमादाराने, "केस कापून ये, मग आत जा," असे सांगून मला परत पाठविले. लेथवर काम करावयाचे असते तर त्याचे म्हणणे मी शिरसावंद्य मानले असते, कारण फिरत्या यंत्राला ऐट समजत नाही. पण माझी नेमणूक भांडारातल्या नोंदवहीवर होती, आणि नोंदवहीत केस अडकून कोणी दगावल्याचे ऐकिवात नव्हते. मी परत गेलो नाही. पुढे एक स्थळ जवळजवळ पक्के झाले असता मुलीच्या वडिलांचे पोस्टकार्ड आले, की बाकी सर्व पसंत आहे, केसांचा प्रश्न तेवढा निकालात काढावा. त्या घराशी सोयरीक झाली नाही. जिच्याशी झाली तिने या विषयावर एकच प्रश्न विचारला होता, आणि तो मी तेल कोणते लावतो हा होता.

अण्णांचा राग मला अनेक वर्षांनी, आणि तोही आत्याच्या तोंडून, उमगला. आमचे आजोबा राजापूरकडचे. डोक्यावर घेरा, मध्ये शेंडी, वर पागोटे. अण्णा शिक्षणासाठी मुंबईस आले आणि येथील रिवाजाप्रमाणे घेरा टाकून त्यांनी इंग्रजी पद्धतीने केस राखले. सुटीत ते घरी गेले तेव्हा आजोबांनी त्यांच्याशी आठ दिवस अबोला धरला होता आणि पंगतीत त्यांचे पान वेगळे मांडावयास लावले होते. म्हणजे ज्या आखूड, भांग पाडलेल्या केसांना अण्णा सभ्यतेचे लक्षण मानीत, तेच केस त्यांच्या वडिलांच्या लेखी भ्रष्टाचार होते. हे सर्व सोसलेल्या माणसाने मला समजून घ्यावयास हवे होते, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्यांनी जे केले त्याच्या पाठीशी शहर होते, शाळा होती, कचेरी होती. त्यांच्याजवळ दाखला होता. माझ्याजवळ नव्हता.

हा दाखल्याचा मुद्दा जरा विस्ताराने मांडतो. आपल्या समाजाचे लांब केसांशी वैर आहे, हे खरे नाही. गोसाव्याच्या जटांना तो नमस्कार करतो, कारण तेथे दीक्षेचा दाखला आहे. नाटक मंडळ्यांच्या काळात स्त्रीपार्टी मुले केस राखीत, आणि नाटक्याला घर किंवा मुलगी देण्यास कां-कू करणारे गृहस्थही नारायणराव राजहंसांचा शालू, अंबाडा आणि पदन्यास पाहावयास रात्र रात्र बसत. तेथे भूमिकेचा दाखला होता. आमच्या अंधेरीचेच उदाहरण घ्यावयाचे तर वर्सोव्याला राहणाऱ्या पंडित जसराजांचे मानेवर उतरलेले शुभ्र कुरळे केस स्वरमंडलाइतकेच त्यांच्या मैफिलीचे अंग होते. माहीममध्ये जन्मलेल्या उस्ताद झाकीर हुसेनांची तबल्याबरोबर उसळणारी झुलपे तर चहाच्या जाहिरातीतून घरोघर पोहोचली आणि ज्या आया मुलांना "केस काप" म्हणून दटावीत त्याच ती जाहिरात लागली की पदराला हात पुसत पाहावयास येत. कीर्तीच्या दाखल्यावर कोणीही हरकत घेत नाही.

1 नोव्हेंबर 1996 रोजी अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, तेव्हा तर या दाखल्याची करामत मी याचि डोळा पाहिली. खांद्यावर केस सोडलेला तो गायक आला, भोवतालच्या इमारतींच्या गच्च्या माणसांनी भरल्या, आणि वीस वर्षांपूर्वी मला गांजाचा भाव विचारणारे आमचे एक शेजारी, आता निवृत्त, माझ्याकडे येऊन "तुमच्या वर्तुळातून एखादा पास मिळेल का?" म्हणून विचारू लागले. त्या कार्यक्रमाला सरकारने करमणूक कर माफ केला, त्याविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत उच्च न्यायालयात गेली, आणि ते प्रकरण पुढे इतके लांबले, की 2021 साली मंत्रिमंडळाला पुन्हा एकदा तीन कोटींहून अधिक रकमेच्या करमाफीचा निर्णय घ्यावा लागला. मी शेजाऱ्यांना पास मिळवून देऊ शकलो नाही. गच्चीवर मात्र आम्ही दोघे शेजारी शेजारी उभे होतो.

आता ज्या माणसाने मला या बाबतीत सर्वांत अधिक शिकविले त्याच्याविषयी. 1978 च्या सुमारास दर मंगळवारी आमच्या चाळीच्या अंगणात एक पोतराज येत असे. कमरेला चोळखणांचा घागरा, पायांत चाळ, कपाळी मळवट, हातात कोरडा, आणि पाठीवर सुटलेले, कधीच वस्तरा न लागलेले केस; मागे डोक्यावर देव्हारा घेऊन ढोल घुमविणारी त्याची बायको. एकदा कोरड्याचे फटके झाल्यावर पायरीवर पाणी पिताना तो माझ्या केसांकडे टक लावून पाहू लागला आणि म्हणाला, "दादा, तुमी कंच्या आईचं?"

मी म्हणालो, "कुठल्याच नाही. हौस म्हणून ठेवलेत."

तो हसला. "हौस? आमी कापलं तर आई कोपती. तुमी कापलं तर कोण कोपतंय?"

"कापले तर कोणी नाही. न कापल्याबद्दल सगळे कोपतात."

हे त्याला फारच गमतीचे वाटले असावे, कारण त्याने ते बायकोला पुन्हा सांगितले. मग तांब्या खाली ठेवता ठेवता म्हणाला, "पोराचं मातुर आमी वाढू देनार न्हाय. त्याला साळंत घातलाय."

त्या क्षणी माझ्या हौसेचे वजन मला कळले. घराण्याच्या नवसापायी बालपणीच देवीला वाहिलेल्या त्या डोक्यावरचा एकही केस त्याच्या मर्जीचा नव्हता. माझ्यापेक्षा दुप्पट लांब केस असलेला तो वादक माझ्यापेक्षा शतपटीने बांधलेला होता. पार्थ पोळके यांचे 'आभरान' हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल त्यांना पोतराजाच्या घरातले ते जिणे आतून ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांच्या विचाराने जागे झालेल्या वस्त्यांतून पोतराजांनी केस उतरविले, ती त्यांची मुक्ती होती. जटा देवीची म्हणून आयुष्यभर मानदुखी सोसणाऱ्या बायकांच्या जटा अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही त्यांची समजूत घालून सोडवितात, तीही मुक्तीच आहे. म्हणून लांब केस म्हणजे स्वातंत्र्य असे सरसकट विधान कोणी माझ्यापुढे केले, की मला तो पायरीवरचा तांब्या आठवतो.

दुसऱ्याच्या केसांवर हुकमत गाजविण्याचा मोह राज्यसत्तेलाही आवरत नाही. सिंगापूरमध्ये 1970 च्या दशकात लांब केसांच्या पुरुषांचे काम सर्वांत शेवटी केले जाईल, अशा पाट्या सरकारी कचेऱ्यांत लागल्या होत्या. 1972 साली लेड झेपेलिनचा तेथील कार्यक्रम केसांपायीच बारगळला. दक्षिण कोरियात 1973 पासून पोलीस तरुणांना रस्त्यात अडवून त्यांच्या केसांना कात्री लावीत. त्यांच्यापेक्षा आमची चाळ बरी. तिच्या हाती जीभच होती.

शिस्तीचे काय, असा प्रश्न शिक्षक विचारतील आणि तो रास्त आहे. केस स्वच्छ असावेत, उवा होऊ नयेत, प्रयोगशाळेत ज्योतीजवळ जाताना ते बांधलेले असावेत, एवढे सांगण्याचा अधिकार शाळेला आहे आणि मुलींना ती हे रोज सांगतेच. मुलीला वेणी घालून जे साधते ते मुलाला रबर लावून साधत नाही, असे कोणत्याही शास्त्रात म्हटलेले नाही. प्रार्थनेच्या वेळी मुलाला सर्वांदेखत पुढे बोलावून त्याच्या डोक्याला कात्री लावण्याचे प्रकार मात्र आपल्या उपनगरांतही घडले आहेत आणि पोलिसांपर्यंत गेले आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. मुख्याध्यापकांच्या दालनात सुविचारांचा फलक असतो, त्याशेजारी हे कलम लावण्यास हरकत नसावी.

माझे केस मी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, उकाड्याला कंटाळून, स्वतः जाऊन कापले. इमारतीत कोणी काही विचारले नाही. रखवालदाराने तेवढे मला फाटकावर अडवून कोणाकडे जावयाचे आहे म्हणून विचारले. अण्णांना हे पाहावयास मिळाले नाही. ते 1991 सालीच गेले.

त्या मुलाला मी अर्ज लिहून दिला. प्रथम मनात आले, की काही तरी भक्कम कारण द्यावे, नवस, त्वचेचा विकार, नाटकातली भूमिका. यांपैकी कोणतेही कारण विनातक्रार मंजूर झाले असते. पण मग त्याचाही एक दाखलाच झाला असता. तेव्हा कारणाच्या जागी 'आवड' एवढाच शब्द लिहिला, खाली त्याच्या आईने सही केली, आणि सोमवारी त्याने तो वर्गशिक्षकांकडे दिला. स्नेहसंमेलन पुढल्या महिन्यात आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.