काचगृह पाहावे की कचेरी?

विद्यापीठाच्या परीक्षा आटोपून उन्हाळ्याची सुटी लागते न लागते तोच, नीरा डाव्या कालव्याचे उन्हाळी आवर्तन केव्हा सुटणार आणि सुटले तरी आपल्या चारीपर्यंत पोहोचणार की नाही या विवंचनेत इंदापूर तालुक्यातील टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी जेव्हा पाटबंधारे खात्याच्या कचेरीत खेटे घालीत असतात, नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्यापैकी काहींची मुले, खिशात नवाकोरा पासपोर्ट घेऊन, ज्या देशाची सारी हयात पाणी उपसून समुद्रात टाकण्यात गेली त्या नेदरलँड्समध्ये महिना-दोन महिन्यांच्या अभ्यासासाठी रवाना होतात. या योगायोगातील विसंगती कोणाच्या फारशी ध्यानात येत नाही. गावच्या चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, त्यावर विद्यार्थ्यापेक्षा शुभेच्छुकांचीच छायाचित्रे संख्येने अधिक आणि आकाराने मोठी असतात, आणि तो फ्लेक्स उन्हाने विटायच्या आत मुले परतही येतात. त्यांनी तिकडे काय पाहिले, हे विचारण्याची तसदी त्या शुभेच्छुकांपैकी क्वचितच कोणी घेतो.

परदेशगमनाविषयी माझी तक्रार नाही; उलट ज्या समाजाची मुले चार मुलूख पाहून येत नाहीत त्या समाजाला आपल्या वहिवाटीच ईश्वरदत्त वाटू लागतात, असेच माझे मत आहे. प्रश्न आहे तो पाहण्याच्या विषयाचा. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माच्या तौलनिक अभ्यासासाठी गेले, तेव्हा त्यांना तेथील ग्रंथालयात बसून परतता आले असते. पण त्यांनी इंग्लंडमधील गरिबांच्या वस्त्या पाहिल्या, त्या वस्त्यांत काम करणाऱ्या संस्था कशा चालतात हे पाहिले, आणि अभ्यासक्रम संपल्यावर 1903 च्या सप्टेंबरात अ‍ॅमस्टरडॅम येथील उदार धर्मपंथीयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचून मगच ते स्वदेशी परतले. परतल्यावर सुमारे तीन वर्षांनी त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. तिकडे त्यांची नजर इमारतींपेक्षा त्या इमारतींतून चालणाऱ्या कारभारावर अधिक खिळली होती, हे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले म्हणजे सहज कळून येते.

आजच्या आमच्या विद्यार्थ्याला काय दाखवतात? कृषी महाविद्यालयातील अशाच एका परतलेल्या विद्यार्थ्याशी, जो टेलच्या एका गावचा आहे, मध्यंतरी बराच वेळ बोलणे झाले. त्याने आपल्या मोबाइलमधील छायाचित्रे एकामागून एक पुढे सरकवीत मला जे दाखवले ते सारे काचगृहच होते: मातीचा कणही न लागता दगडी लोकरीच्या ठोकळ्यात वाढणारी टोमॅटोची रोपे, दोरीवरून छतापर्यंत चढलेले त्यांचे वेल, परागीभवनासाठी पुठ्ठ्याच्या पेट्यांतून मुद्दाम सोडलेले भुंगे, आणि नळीवाटे झाडांना पुरवला जाणारा कर्बवायू. रात्रीचे दहा वाजले तरी तिकडे दिवस मावळत नाही, याचे नवल त्याने दोनदा सांगितले. त्याचा उत्साह खरा होता आणि निरीक्षण बारीक होते, त्यामुळे त्याला बोल लावण्याचे काहीच कारण नाही. पण यापैकी बहुतेक गोष्टींची ओळख करून घेण्यासाठी त्याला घरापासून दीड-दोन तासांपेक्षा अधिक प्रवास करण्याची गरज नव्हती. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात डच सहकार्याने उभे राहिलेले भाजीपाला गुणवत्ता केंद्र आहे, तेथे संरक्षित शेतीची आणि रोपवाटिकेची ही विद्या स्थानिक हवामानाला मुरड घालून शिकवली जाते, आणि दर जानेवारीत भरणाऱ्या ‘कृषिक’ प्रदर्शनात ती पाहायला राज्यभरातून शेतकऱ्यांच्या गाड्या लोटतात. जे तंत्र आपल्या दाराशी येऊन बसले आहे त्याच्यासाठी विमानाचे भाडे भरणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.

जे दाराशी आलेले नाही आणि जहाजात घालून आणताही येत नाही, ते म्हणजे त्या देशाचे पाण्याचे दप्तर. महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा तो देश. त्याची सुमारे चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीच्या खाली. तेथे तेराव्या शतकापासून, म्हणजे देवगिरीला यादवांचे राज्य होते त्या काळापासून, पाण्याचा बंदोबस्त करणारी स्वतंत्र जलमंडळे आहेत. आज त्यांची संख्या 21 असून दर चार वर्षांनी त्यांच्या निवडणुका होतात, त्यांचा कर निराळा असतो, आणि बांधाचा मामलेदार म्हणावा असा एक अंमलदार प्रत्येक मंडळाच्या शिरोभागी असतो. जुन्या काळी तेथे फावड्याचा एक कायदा होता. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नसे, त्याने आपले फावडे त्या बांधात रोवावे, जमिनीवरील सारा हक्क सोडावा आणि चालते व्हावे. जो कोणी ते फावडे उपटील त्याच्याकडे जमीनही जाई आणि बांध राखण्याची जबाबदारीही. हा कायदा आज राहिला नाही, पण त्याचा वंशज अद्याप जिवंत आहे: आपल्या शेताच्या कडेचा नाला मुदतीत साफ केला की नाही याची पाहणी शरद ऋतूत होते आणि कसूर करणाऱ्याला दंड भरावा लागतो. ही पाहणी उन्हाळ्यात गेलेल्या पाहुण्याला दिसणार नाही हे खरे. पण नोटिसा, नकाशे, कराचे हिशेब आणि मंडळाच्या बैठकांचे इतिवृत्त बारमाही असतात. एक आठवडा त्या कचेरीच्या बाकावर बसण्याची मुभा मागितली, तर ती अशक्य कोटीतील मागणी ठरू नये.

बारामती-इंदापूरच्या मुलाला याचे महत्त्व पटवून देण्याची गरजच पडू नये, कारण त्याचे सारे घरदार एका कालव्याच्या आधारावर उभे आहे. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला. वीरपासून निघून सुमारे 100 मैलांचा प्रवास करीत तो बारामतीवरून इंदापूर तालुक्यात येतो. याच कालव्यावर, मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ब्लॉक पद्धत सुचवली: गावाच्या जमिनीचे पट्टे आखावे, त्यातील ठरावीक हिश्शातच ऊस घ्यावा, बाकीच्यात भुसार पिके, आणि त्या बदल्यात काही वर्षे पाण्याची हमी. हे गृहस्थ 1898 साली जपान पाहून आले होते, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. पुढे उसाची चढती कमान, त्यापाठोपाठ कारखाने, त्यापाठोपाठ राजकारण, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पट्टे दप्तरात राहिले आणि ऊस पट्ट्याबाहेर गेला. हेडच्या, म्हणजे कालव्याच्या मुखाकडील, शेतात पाणी तुंबते, टेलच्या शेतात धूळ उडते, आणि मधल्या चारीत गवत इतके माजलेले असते की आवर्तनाचे निम्मे पाणी गवतच पिऊन टाकते की काय असे वाटावे. 2005 साली शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करावे असा कायदा राज्यात झाला आणि पाणीवापर संस्था नोंदल्या गेल्या. त्यांतील किती संस्थांच्या सभा चहापलीकडे जातात, हे ज्या त्या गावाने आपल्या मनाशी विचारावे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. डच माणसाला पाणी नको आहे, आम्हाला हवे आहे. त्याच्या संस्थेचा आम्हाला काय उपयोग? मला वाटते, विद्यार्थ्याने तिकडे जाऊन नेमके हेच अंतर समजून घेतले पाहिजे. बांध फुटला तर वरच्याचेही घर बुडते आणि खालच्याचेही. तेथे भय सामायिक आहे, आणि सामायिक भयातून नियम उपजणे तुलनेने सोपे असते. कालव्यावर मात्र टेलवाल्याच्या तोट्यात हेडवाल्याचा नफा असतो. वरच्या माणसाने रात्री मोरी थोडी अधिक उघडली तर त्याचा ऊस टरारतो, खालच्याचे डाळिंब सुकते आणि आभाळ काही कोसळत नाही. म्हणून डच नियम जसाच्या तसा उचलून आणणारा विद्यार्थी फसणार, आणि ‘आपल्याकडे हे चालायचे नाही’ म्हणून हात झटकणाराही फसणार. दुष्काळाच्या माऱ्यातून आपल्या मातीतही असे नियम उगवलेले आहेत: धुळे-नाशिककडील नद्यांवरची फड पद्धत शतकानुशतके चालली, आणि बारामतीच्या शेजारच्याच पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभारली, जिच्यात पाणी जमिनीच्या नव्हे तर घरातील माणसांच्या प्रमाणात मिळे आणि उसाला साफ मनाई असे. नायगाव न पाहता नेदरलँड्सला जाणारा विद्यार्थी अर्धीच तयारी करून निघतो, असे मी म्हणेन; त्याला एस. टी.ने आधी पुरंदरला पाठवावे.

आणखी दोन गोष्टी तिकडे पाहण्यासारख्या आहेत, त्या ओझरत्या सांगतो. कालव्याच्या अतिपाण्याने बारामती-इंदापूर तालुक्यांतील कित्येक जमिनी क्षारपड झाल्या, चोपण झाल्या. इंग्लिस नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने 1920 च्या दशकातच दख्खनच्या कालव्यांवरील या दुखण्याचा अभ्यास केला होता. जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून पाण्याचा निचरा करण्याच्या कामात डच लोकांची बरोबरी करणारे थोडेच. तो नळ किती खोल घालतात, किती अंतराने घालतात, आणि विशेषतः एका शेतातून निघालेले पाणी दुसऱ्याच्या शेतात न सोडता कोठे नेतात व त्याचा खर्च कोण सोसतो, हे वहीत टिपून आणणारा मुलगा गावाला काचगृहापेक्षा अधिक देईल. दुसरी गोष्ट आल्समेरचा फुलांचा लिलाव. तेथे भाव वरून खाली उतरत येतो आणि जो पहिला कळ दाबील त्याचा माल. हे सारेच प्रवासी सांगतात. तो लिलाव उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते. सहकारी कारखान्यांच्या धुराड्यांखाली वाढलेल्या मुलाने निदान एवढे तरी विचारावे, की तुमच्या संस्थेत संचालक किती काळ राहतो आणि त्याला प्रश्न कोण विचारतो.

आता खर्चाविषयी. उन्हाळी दौऱ्याला आज जाऊ शकतो तो बहुधा बागायतदाराचा, व्यापाऱ्याचा किंवा नोकरदाराचा मुलगा. टेलच्या गावातला जातो तेव्हा पुष्कळदा सोसायटीच्या कर्जात आणखी एक आकडा मिळवून जातो, आणि त्याच घरातली मुलगी गुणांनी सरस असली तरी ‘एकटी कशी पाठवायची’ या एका वाक्यावर घरी राहते. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेस गेल्या, त्यालाही आता जवळजवळ दीड शतक होत आले. महाविद्यालयांनी आणि कारखान्यांच्या शिक्षणनिधींनी मिळून दरवर्षी कालव्याच्या हेड, मधल्या आणि टेलच्या अशा तीन भागांतील विद्यार्थी, त्यांत मुली अवश्य, एकत्र पाठवावे. एकाच कालव्याची ही तीन पोरे दोन महिने एका खोलीत राहून रोज संध्याकाळी पाण्यावरून भांडली, तरी त्या भांडणाचा अभ्यासक्रमाइतकाच उपयोग होईल. खर्च संस्थेने सोसावा, आणि त्या मोबदल्यात प्रमाणपत्राच्या चौकटीऐवजी लेखी वृत्तांत मागावा: काय पाहिले, कोणत्या दप्तरात पाहिले, त्यातील आपल्या चारीवर काय लागू पडेल आणि काय पडणार नाही, यांची कारणांसह नोंद.

हा वृत्तांत वाचायचा कोठे, याचीही सोय आपोआप झालेली आहे. मुले ऑगस्टपर्यंत परततात आणि सहकारी साखर कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा बहुधा सप्टेंबरात भरतात. त्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत या तीन विद्यार्थ्यांना अर्धा तास द्यावा, सभासदांना त्यांना प्रश्न विचारू द्यावेत आणि त्यांनाही संचालकांना प्रश्न विचारू द्यावेत. मात्र हा विषय अध्यक्षांच्या भाषणाच्या आधी ठेवावा, कारण भाषण संपेपर्यंत मंडपातले अर्धे सभासद पंगतीकडे गेलेले असतात.