वेताळाच्या चपला

इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेली आमची पिढी एकत्र जमली की एक तक्रार हमखास निघते : ‘आपला वेताळ आता तसा राहिला नाही.’ त्याचं लग्न लावलं, त्याला जुळी मुलं दिली, त्याच्या जंगलाशेजारी राष्ट्राध्यक्ष आणून बसवला. काळाबरोबर चालण्याच्या हौसेपायी अस्सल माल बिघडवला, असा एकूण सूर. याच्या नेमका उलट आक्षेप तरुण वाचक घेतात. एक गोरा माणूस कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि जंगलातल्या जमाती त्याच्याकडे हात जोडून पाहतात, ही वसाहतवादाचीच गोष्ट. ती रद्दीत घाला, असं त्यांचं म्हणणं.

हे दोन पक्ष एकमेकांशी भांडतात खरे, पण दोघांचं गृहीतक एकच आहे. 1936 सालचा वेताळ हाच खरा वेताळ, असं दोघंही धरून चालतात. एकाला त्याची पूजा करायची आहे, दुसऱ्याला त्याची होळी. मूर्ती मात्र दोघांनी तीच मानली आहे, आणि तशी मूर्ती मुळात नव्हतीच.

लेखक ली फॉकची मुखवटाधारी वेताळाची ही चित्रमालिका अमेरिकेतल्या वृत्तपत्रांत 17 फेब्रुवारी 1936 रोजी सुरू झाली. मुखवट्यामागे जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐदी तरुण निघणार, असा लेखकाचा पहिला बेत होता. कथा चालू असतानाच त्याने तो सोडला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मुखवट्याची कल्पना आणली. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, तीच दुरुस्ती आहे. पोशाखाचंही तसंच. फॉकच्या मनात करडा रंग होता. 1939मध्ये रविवारची रंगीत पानं निघाली तेव्हा तो जांभळा झाला. इटलीत तो लाल आहे, स्वीडनमध्ये निळा. जंगलाचा पत्ताही पक्का नाही. सुरुवातीला ते आशियात होतं, पुढे आफ्रिकेत गेलं. मार्च 1964मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मराठीतही आलेल्या इंद्रजालने त्याचं नाव डेंकाली केलं, तर कथेतल्या चाच्यांच्या ‘सिंग’ टोळीचं ‘सिंगा’. आमच्या पिढीने छातीशी धरलेला अस्सल वेताळ असा आधीच फेरफार होऊन आमच्या हाती पडला होता.

आता ज्या बदलांवर राग आहे ते पाहू. लोकशाही मार्गाने निवडून आलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष डॉ. लमांडा लुआगा साठच्या दशकात कथेत आला. 1977 साली वेताळाचं प्रेयसी डायनाशी लग्न झालं आणि 1979मध्ये किट आणि हेलॉईज ही जुळी जन्मली. डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करू लागली. हे सगळं कुणा उपऱ्या संपादकाने घुसडलेलं नाही. 1999मध्ये वारला तोवर ली फॉक स्वतःच या मालिकेचा लेखक होता. जनकालाच जनकद्रोही ठरवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेप इतका सहज झटकता येत नाही, आणि झटकूही नये. सुरुवातीच्या कथांत स्थानिक माणसं बहुधा भोळी किंवा क्रूर असतात आणि शहाणपणाचा मक्ता एकट्या गोऱ्या माणसाकडे असतो. लुआगा आला म्हणून ते सिंहासन काही गुहेबाहेर गेलं नाही. डाग फिका झाला आहे, गेलेला नाही. पण डाग आहे म्हणून वस्त्रच जाळा, हा न्याय पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या वाघी लोकांनी मानला नाही. त्यांनी आपल्या लढाईच्या ढालींवर हाच वेताळ रंगवला. परक्याची गोष्ट आपल्या कामाला कशी लावायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग कोणताही बदल चालेल का? नाही. कसोटी हवी, आणि ती कथेतच दिलेली आहे. 1536 साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक तरुण आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याविरुद्ध लढण्याची शपथ घेतो. बाप मेला की मुलगा तीच शपथ घेऊन गादीवर बसतो. जगाला वाटतं, हा अमर आहे. आपण वाचतो तो एकविसावा. कवटीच्या गुहेत वीस पूर्वजांची थडगी आहेत आणि त्यांनी स्वतः लिहिलेल्या रोजनिशा आहेत. बापाच्या रोजनिशीची नक्कल करून कुणी आपलं पान भरलं नाही. शपथ तेवढी कायम, बाकी सारं ज्या त्या वारसाचं. शपथ सुटली तर तो बिघाड. शपथेचा अर्थ नव्याने लागला तर तो वारसा. अन्यायाविरुद्धची शपथ प्रामाणिकपणे पाळायची तर नजर कधीतरी स्वतःच्या बुडाखालच्या सिंहासनाकडेही वळणारच. लुआगाचं येणं ही त्या वळणाची सुरुवात होती. पुढच्या लेखकांनी तिथे थांबू नये, एवढंच मागणं रास्त आहे.

आपल्याकडे त्याला ‘वेताळ’ हे नाव मिळालं, तेही विनाकारण शोभलं नाही. मूळ मालिकेत त्याला चालतं-फिरतं भूत म्हणतात. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, तोही असाच चालणारा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो अशी श्रद्धा, म्हणून भक्त त्याला भल्याथोरल्या चपला वाहतात. फिरून फिरून त्या झिजतात, मग नव्या येतात. जुन्या चपला बदलल्या म्हणून देव बाटला, असं तिथे कुणी म्हणत नाही. चपला झिजल्या, म्हणजे राखणदार रात्री गावातून फिरला, एवढंच तिथला माणूस समजतो.