विश्लेषण : हॉलीवूडचे प्रेक्षक टीव्हीनेच पळवले का?

ओटीटीमुळे चित्रपटगृहे ओस पडली, अशी तक्रार आज सर्रास होते. सात दशकांपूर्वी हॉलीवूडमध्ये हाच आरोप टीव्हीवर झाला होता. मात्र तेव्हाचा घटनाक्रम पाहिला, तर तो अर्धाच खरा ठरतो.

गळती कधी सुरू झाली?

अमेरिकेत चित्रपटगृहांतील गर्दीचा उच्चांक १९४६ चा. पुढच्याच वर्षापासून प्रेक्षक घटू लागले. तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत होता. १९५० मध्येही दहापैकी एका घरातसुद्धा तो नव्हता. युद्धावरून परतलेल्या तरुणांनी संसार थाटले आणि ते शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेले. मोठी चित्रपटगृहे मात्र शहराच्या मध्यभागीच राहिली. टीव्हीने गळती वाढवली, पण ती सुरू केली नाही.

स्टुडिओ गाफील होते का?

नाही. पॅरामाऊंटने १९३८ मध्येच ड्युमाँट या टीव्ही कंपनीत पैसा गुंतवला होता. पण १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीच्या खटल्यात स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला. परिणामी, त्यांना आपली चित्रपटगृहे वेगळी काढावी लागली. त्याच वर्षी एफसीसी या सरकारी आयोगाने नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने रोखले, ते थेट १९५२ पर्यंत. मग भर पडद्यावर आला : १९५२ मध्ये थ्रीडीतला ‘ब्वाना डेव्हिल’, १९५३ मध्ये सिनेमास्कोपमधला ‘द रोब’.

फायदा कोणाचा झाला?

टीव्हीला वैरी न मानता गिऱ्हाईक मानणाऱ्यांचा. वॉल्ट डिस्ने यांनी १९५४ मध्ये एबीसी वाहिनीला ‘डिस्नेलँड’ हा कार्यक्रम दिला आणि वाहिनीने त्यांच्या नियोजित उद्यानात पैसा घातला. १९५१ मध्ये सुरू झालेली ‘आय लव्ह लुसी’ ही मालिका सिनेमाच्याच फिल्मवर चित्रित होई; कॅमेऱ्यामागे होते ‘मेट्रोपोलिस’चे छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड. फिल्म जपून ठेवल्याने जुने भाग पुन्हा दाखवता आले, विकता आले. या मालिकेची नायिका ल्युसील बॉल आणि तिचे पती देसी अर्नाझ यांच्या कंपनीने १९५७ मध्ये आरकेओचे स्टुडिओच विकत घेतले. ‘किंग काँग’ आणि ‘सिटिझन केन’ काढणाऱ्या याच आरकेओत बॉल एकेकाळी करारबद्ध नटी होती.

आज धडा कोणता?

टीव्हीने सिनेमा संपवला नाही. बंद पडली ती वस्तीतली छोटी चित्रपटगृहे आणि त्यांवर पोट असलेल्यांचा रोजगार. म्हणूनच ओटीटीकडे बोट दाखवताना तिकिटाचा दर, चित्रपटगृहाचे अंतर आणि तिथली सोय हेही तपासायला हवे. सगळा दोष नव्या पडद्यावर ढकलणे सोपे असते. पण त्याने जुन्या पडद्यासमोरच्या रिकाम्या खुर्च्या भरत नाहीत, हे हॉलीवूडने अनुभवले आहे.