पटत नसलं तरी…



या आठवड्याच्या टपालात एका भगिनीचं पत्र आहे. त्यांची धाकटी नणंद चार वर्षांपूर्वी नवरा आणि शाळकरी मुलगा मागे ठेवून दुसऱ्या गृहस्थांकडे राहायला गेली. घरानं तिचं नाव टाकलं. आता ती इस्पितळात आहे, मोठं ऑपरेशन झालं आहे. भगिनी लिहितात, "तिनं केलं ते मला आजही पटत नाही. मुलाचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत. पण मन राहवत नाही. भेटायला गेले, तर तिच्या वागण्याला मी होकार दिला असं होईल का?"

नाही होणार. जरूर जा.

एखादीचं वागणं नापसंत असणं आणि तिच्या दुखण्यात धावून जाणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजाऱ्याला पेज नेऊन दिली म्हणजे तिच्या बाजूनं निकाल दिला, असं नसतं.

टिळक आणि आगरकर यांचंच पाहा ना. दोघे डेक्कन कॉलेजातले मित्र. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. पुढे सामाजिक सुधारणांवरून फाटलं. बालविवाहासारख्या रूढी कायद्यानं थांबवाव्यात, असं आगरकरांचं मत. परक्या सरकारनं त्यात हात घालू नये, असं टिळकांचं. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. मग दोन्हीकडून असे घाव घातले गेले, की वाचणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत! पण १७ जून १८९५ रोजी आगरकर अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. तो सांगताना त्यांना अश्रू आवरेनात, असं म्हणतात. मत तसूभरही बदललं नव्हतं, तरी माया आटली नव्हती. फक्त तो लेख वाचायला आगरकर नव्हते.

तुमची नणंद आहे. म्हणून आजच जा.

आता जायचं कसं? चोरून जाऊ नका. सासूबाईंना आणि यजमानांना आधी सांगा, "मी तिला भेटून येते. तुम्ही चला असा माझा आग्रह नाही." राग आला तर येऊ द्या, वाद घालू नका. पोटची पोर आहे, सासूबाईंचा जीवही आत तुटत असेलच.

डबा नेण्याआधी डॉक्टरांना पथ्य विचारा. खाटेजवळ बसल्यावर जुना विषय काढू नका. झोप लागते का, रात्री सोबतीला कोण असतं, औषधांना पैसे आहेत का, एवढंच विचारा. ते गृहस्थ तिथं असतील, तर त्यांच्याशी चार शब्द साधेपणानं बोला. तिथं पाहिलेलं शेजारीपाजारी सांगत सुटू नका.

तिनं स्वतःहून विचारलं, "वहिनी, मी चुकले का गं?" तर खोटं बोलू नका. "मला ते पटलं नाही, पण तू मला परकी नाहीस," एवढं म्हणा आणि तिचा हात हातात घ्या. उपदेशाला पुढं पुष्कळ दिवस आहेत.

आणि त्या मुलाचं? त्याचा राग खरा आहे. "आई आहे तुझी, गेलंच पाहिजे," अशी सक्ती नको. "मी जाऊन आले, तिला बरं वाटतंय, तुला यावंसं वाटलं तर सांग," एवढंच बोला. त्याच्यासमोर त्याच्या आईला नावं ठेवू नका, कुणाला ठेवूही देऊ नका.

एक मात्र लक्षात ठेवा. दया म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. कुठं मारझोड चालली असेल, हुंड्यासाठी छळ होत असेल, तर आधी सोसणारीला सोडवायचं. पोलिसांकडे जावं लागलं तरी जायचं. छळणाऱ्याशी माणुसकीनं वागावं, पण त्याच्या हाती पुन्हा कुणाला देऊ नये.

पुष्कळ घरांत असं एखादं नाव टाकलेलं असतं. कुणाची जातीबाहेर लग्न केलेली लेक, कुणाचा दारूपायी दुरावलेला दीर. त्यांचं सगळं पटवून घ्या, असं मी म्हणत नाही. पण त्यांच्या घरी आजारपण आल्याचं कळलं, तर पायात चपला घालायला वेळ लावू नका.